पूजेतला दहाचा पाना

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : श्रीमती विठा दौलतराव भोपी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. व्यवसाय : घरकाम, आणि घरच्या घरी सायकली नीट करणे.

मी विठा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खरं तर त्याची गरज नव्हती. गेल्याच रविवारी मी मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे चाक फिरताना मारतं ती लचक, नुसत्या नजरेने काढली. बुद्धी गेलेल्या माणसाला चाकाच्या तारा आवळता येत नाहीत. पण शेजारचे अवधूत, जे उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर तीस वर्षं लोकांचे कागद टाइप करत होते, ते म्हणाले की काकू, दाखला लागतो. म्हणून आणला. त्यांनी मला नमुन्याचा कागदही दिला होता. त्यातली 'सबब', 'तहहयात', 'निर्वेध' ही मंडळी मला परकी वाटली, तेव्हा ती गरजेपुरती ठेवून बाकीचं माझ्या भाषेत लिहिलं आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

आज सर्वपित्री. अमावास्येला सही नको, असंही अवधूत म्हणाले. मी म्हटलं, मरणाचा कागद पितरांच्या दिवशी करायचा नाही तर काय पाडव्याला करायचा? त्यावर त्यांनी पेन पुढे केलं.

माझे पती दौलतराव नऊ वर्षांपूर्वी वारले. मला दोन मुलं. महेश, वय सत्तेचाळीस, राहणार अंबरनाथ पश्चिम. शलाका, वय एकोणचाळीस, राहणार नाशिक, तिथे कॉलेजात भूगोल शिकवते. माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम एक. घर.

हेंद्रेपाड्यातलं दोन खोल्यांचं घर, पुढचा ओटा आणि अंगण धरून, मुलांनी हक्क सोडून माझ्या एकटीच्या नावे करून दिलं आहे. ते महेश व शलाका यांना निम्मं निम्मं. महेशला ते बिल्डरला द्यायचं आहे हे मला ठाऊक आहे; तो बोलत नाही, पण आला की भिंतींना हात लावून बघतो. खुशाल द्यावं. मात्र ओट्याच्या आढ्याला दोन लोखंडी कड्या आहेत, त्यांत दोर घालून सायकल टांगता येते. त्या कड्या काढून सुषमाच्या घरी बसवून द्याव्यात. सुषमा कोण, ते पुढे येईल.

कलम दोन. ठेव आणि सोनं.

बँकेतली ठेव महेशला. आकडा पासबुकात आहे, तो इथे लिहून शोभा करत नाही. शलाकाला यातलं काही नाही, कारण मला तिला जे द्यायचं आहे ते बँकेत नाही. ते कलम पाचमध्ये आहे.

माझी बोरमाळ महेशची मुलगी तेजल हिला. अट एकच, तिने आधी एक पंक्चर स्वतः काढून दाखवावं. ही पोरगी चाकात हवा भरायला दुकानात जाते. मी विचारलं, घरात पंप असताना दुकान कशाला? तर म्हणते, "आजी, टेन्शन नको घेऊ, अंकल भर देते हैं." अंकल भरतात आणि हिचं चाक आठ दिवसांनी पुन्हा बसतं. परातीत पाणी घेऊन ट्यूब बुडवली की बुडबुडेच सांगतात भोक कुठे आहे ते. यात अंकलचं काय काम.

कलम तीन. हत्यारं.

पाने आठ ते सतरा नंबरचे, दोन पेचकस, तारा आवळायची चावी, हातपंप, ग्रीसचा डबा, रॉकेलची बाटली, आणि चेन घासायला ठेवलेले दातांचे सहा जुने ब्रश, हे सगळं सुषमाला.

या हत्यारांची हकीकत अशी. माझे वडील शहाडला स्टेशनजवळ तासावर सायकली भाड्याने देत. सोळा सायकली होत्या. दुकानाच्या मागेच घर. पोरीने पाना धरलेला गिऱ्हाइकाला चालत नसे, म्हणून मोडलेली सायकल मागच्या दाराने घरात यायची, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती नीट करायची, आणि ती पुढच्या दाराने बाहेर जायची. गिऱ्हाइकं म्हणायची, कैलासचा हात चांगला आहे. कैलास म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा गल्ल्यावर बसून शेंगदाणे खायचा.

लग्न होऊन बदलापूरला आले. दौलतराव अंबरनाथच्या कारखान्यात होते, रोज सायकलने जाऊन येऊन. माणूस देवासारखा, पण चेन उतरली तर सायकल हातात धरून चार मैल चालत येणारा. मी रॉकेलमध्ये चेन धुताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते शेजारी पाट टाकून बसले आणि म्हणाले, "चहा करू का?" त्या एका वाक्यावर आमचा संसार चाळीस वर्षं चालला.

सुषमा ही बारवी धरणाच्या वाटेवरच्या पाड्यातली, सुकऱ्याची मुलगी. आरोग्याच्या कामासाठी पाड्यापाड्यांतून सायकलने फिरते. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा म्हणाली, "आजे, मना नुसती हवा भराया शिकव, बाकीचा ऱ्हाऊ दे." आता ती चाकातले छर्रे न बघता बसवते. पण हत्यारं तिला देण्याचं कारण एवढंच नाही. तिच्या बापाने एकदा जे पाहिलं ते त्याने माझ्याखेरीज कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तेही कलम पाचमध्ये आहे.

एक नेम या हत्यारांबरोबर येतो. खंडेनवमीला सकाळी ती सगळी धुऊन पुसून देवापुढे पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, आणि दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बाबा म्हणायचे, वर्षभर राबणाऱ्याला दीड दिवस निजू द्यावं. त्या दीड दिवसात दारात पंक्चर घेऊन गिऱ्हाईक येवो नाहीतर जावई येवो, पाना उठत नसे. हा नेम मी शहाडहून बदलापूरला आणला. तो मी आयुष्यात एकदाच मोडला.

कलम चार. कैलास.

माझा भाऊ कैलास, राहणार शहाड, यास एक डावं पेडल. ते ट्रंकेत फडक्यात बांधलेलं आहे.

बाबा गेल्यावर दुकान त्याच्याकडे गेलं. पहिल्याच आठवड्यात त्याने डावं पेडल काढायला घेतलं. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, ते नेहमीच्या उलट दिशेने सुटतं. ही गोष्ट माझ्या उंबऱ्यातल्या मांजरालाही माहीत होती. आमच्या उंटावरच्या शहाण्याने पान्यावर पाय देऊन ते सुलट्या दिशेने पिळलं आणि आटे खाऊन टाकले. मग म्हणाला, मालच खराब. नाचता येईना अंगण वाकडं. पुढे हाच माणूस प्रत्येक लग्नकार्यात सांगत फिरला की बायकांच्या हाताला पेच कळत नाही. दुकान त्याने विकलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्याचा मला राग नाही, आता तासावर सायकल कोण घेतो. राग पेडलचा आहे.

हा राग मी अर्धा मागे घेते. पुढच्या कलमात जे लिहिलं आहे ते मी त्याच्या बोलण्याच्या भीतीने केलं. भीती माझी होती. तो दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

कलम पाच. निळी सायकल.

वाकड्या हँडलची, दहा गिअरची, शर्यतीची निळी सायकल शलाकाला.

ही सायकल विकत आणलेली नाही. शलाका चौदा वर्षांची असताना मी उल्हासनगरला लछमनदास यांच्या जुन्या सामानाच्या दुकानातून हिची फ्रेम आणली, आणि मग दीड वर्षं दर महिन्याला एकेक भाग. ते मला 'अदी' म्हणायचे, सिंधीत बहीण. "अदी, पूरी सायकल ले जाओ, इतना क्यूं भटकती हो," म्हणायचे. मला पुरी सायकल नकोच होती. मला ती लेकीबरोबर बसून बांधायची होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघी ओट्यावर. सायकल कड्यांना टांगलेली. गिअर लावायचे तर एकाने पेडल फिरवावं लागतं आणि दुसऱ्याने मागे बसून पेच पाव पाव फेरा फिरवावा लागतो. पेडल शलाका फिरवायची. मी डोळे मिटून ऐकायची. चेन दात्यावर नीट बसली की तिचा आवाज बारीक होतो.

"आई, बसली?"

"नाही अजून."

"आता?"

"हळू फिरव गं, गिरणी चालवतेस का."

याहून वेगळं आम्ही काही बोलत नसू. आज मला तिचं दुसरं कुठलंही बोलणं इतकं आठवत नाही, आणि दुसरं काही इतकं ऐकावंसं वाटत नाही.

सन २००३. दसऱ्यानंतर तीन दिवसांनी ठाण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. शलाका सतरा वर्षांची होती आणि बारवीच्या चढावर भल्याभल्या पोरांना मागे टाकत होती. खंडेनवमीला सकाळी मी तिच्या पुढच्या ब्रेकची वायर बदलली, कारण जुनीचे दोन पदर तुटले होते. नवी ओवली, ताण दिला, नट हाताने बसवला. पान्याने आवळायचा तेवढा राहिला होता. इतक्यात घरातून दौलतरावांनी हाक मारली, "विठे, पाने आण, नैवेद्य निवतोय." मी हातातला दहाचा पाना तसाच घेऊन आत गेले, बाकीच्यांबरोबर पाटावर मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं. फुलं वाहताना मला नट आठवला. पाना माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी तो उचलला नाही, कारण आता तो देवाचा होता. म्हटलं, उद्या सोनं लुटलं की आधी तेच काम. सणाच्या दिवशी सायकल कोण नेतंय.

शलाकाला सांगितलं नाही. विसरले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण विसरले नव्हते. "आई, तू काम अर्धं ठेवलंस?" हे तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

दुपारी जेवून मी आडवी झाले आणि ती सायकल घेऊन गेली. बारवीच्या उतारावर तिच्यासमोर वासरू आडवं आलं. तिने ब्रेक दाबला, वायर नटातून सुटली, मूठ रिकामी हँडलला टेकली. मागचा ब्रेक एकटा पुरला नाही. उजवा कोपर मोडला. सुकऱ्या गवताचा भारा घेऊन त्याच वाटेने येत होता. त्याने तिला आणि सायकलला एका टेम्पोत घालून घरी आणलं. सायकल ओट्याला टेकवत तो मला म्हणाला, "बाय, वायर सुटलीय हिची." पाणी प्याला आणि गेला.

दौलतराव शलाकाला रिक्षात घालून दवाखान्यात निघाले. मी म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा, मी तिचे कपडे घेऊन येते." कपडे घ्यायला दोन मिनिटं लागतात. मी दहा मिनिटं घरात होते. त्या वेळात मी पाटावरचा दहाचा पाना उचलला, वायर ओवली, ताण दिला, नट आवळला, आणि पाना परत झेंडूखाली ठेवला. माझ्या मुलीचा हात मोडला होता आणि मी नट आवळत होते. हे वाक्य मी बावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं आहे.

का केलं? संध्याकाळी कैलास जेवायला यायचा होता. त्याने ती लोंबती वायर पाहिली असती तर म्हणाला असता, बघा, मी सांगत नव्हतो? एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

कैलास आला. ब्रेक दोनदा दाबून पाहिला. म्हणाला, "ब्रेक एकदम कडक आहे. पोरगीच मस्तीत असणार." शलाका खाटेवर होती, हात प्लास्टरमध्ये. ती म्हणाली, "मामा, वायर सुटली होती. आई, तू सांग ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सुटली असती तर सुटलेली दिसली असती ना, बाळा."

बाळा म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

दसऱ्याला सकाळी ओटा झाडताना मला दिसलं की ब्रेकच्या नटावर कुंकू लागलं आहे. पूजेतल्या पान्याचं. फडकं आणायला आत गेले, तेवढ्यात दूधवाला आला, मग शेजारीण तोरणाला दोरा मागायला आली. परत बाहेर आले तेव्हा नट लख्ख होता. तो कुणी पुसला ते मला आजवर माहीत नाही. दौलतरावांनी पुसला असेल असं मी धरून चालले. त्यानंतर ते तेरा वर्षं जगले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

निवड हुकली. हात बसला, थोडा वाकडा. शलाकाने पुन्हा त्या सायकलवर पाय टाकला नाही. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं, भांडणाच्या भरात मी कबूल तरी झाले असते. ती शिकली, नाशिकला गेली. दिवाळीला दोन दिवस येते, पाया पडते, गोळ्या घेतेस का विचारते. मागच्या दाराने आत येते, कारण पुढच्या ओट्यावर सायकल असते. दर रविवारी सकाळी दहाला फोन करते. "बरी आहेस ना?" "बरी." "ठेवते मग." माझे हात तेव्हा ग्रीसचे असतात, फोन खांद्यात धरलेला असतो, आणि दर वेळी वाटतं की आता सांगावं. तोवर तिने ठेवलेला असतो.

सायकल मी दर रविवारी करते. चेन धुते, पुसते, कडीकडीवर एक एक थेंब तेल सोडते, पुढचा नट पान्याने तपासते, एकदा नाही, तीनदा. टायर चार वेळा बदलले, एकही चालवून झिजला नव्हता. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. गिअर मात्र नीट लागत नाहीत. पेडल फिरवावं तर दुसरा हात पेचापर्यंत पोचत नाही. सुषमा म्हणाली, "आजे, मी फिरवते ना." मी तिला नको म्हटलं. ती जागा मी कुणाला दिलेली नाही. मला माझी पोरगी तिथे बसलेली हवी आहे, आणि बावीस वर्षं मला दुसरं काही फारसं हवंसं वाटलेलं नाही.

शलाका, तुझी वायर सुटली होती. तू खरं बोलत होतीस आणि मी खोटं बोलले. हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जावं, आणि कैलासला पुढे बसवावं.

कलम सहा. किरकोळ.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी महेशने करावी. मला नेताना माझ्या नखांतलं ग्रीस काढायच्या भानगडीत कुणी पडू नये, ते निघत नाही. तेराव्याला गोड काय करायचं यावर वाद घालू नये, बेसनाचे लाडू करावेत.

ठिकाण : बदलापूर. दिनांक : २१ सप्टेंबर २०२५.
सही : विठा दौलतराव भोपी
साक्षीदार : १) अवधूत गजानन टेंबे २) सखू हरी म्हसकर, दोघे राहणार हेंद्रेपाडा

पुरवणी

वरील मृत्युपत्राला मी विठा ही पुरवणी जोडत आहे. आज खंडेनवमी. बुद्धी अजून शाबूत आहे.

सर्वपित्रीला सही करताना अवधूत यांनी कलम पाच वाचून काढलं. साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकुरात नाक खुपसायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वाचून झाल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "काकू, हे उघडेल तेव्हा तुम्ही नसाल. मग तिने रागवायचं कुणावर?"

मी म्हटलं, "तेच सोयीचं आहे."

"कुणाच्या सोयीचं?"

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

मग रविवारी दहाला फोन आला. "बरी आहेस ना?" मी म्हणाले, "नाही. खंडेनवमीला ये." मला वाटलं, ठेवला. मग तिने विचारलं, "पाने मांडायला?" मी हो म्हणाले.

आज सकाळी ती आली. मागच्याच दाराने. आम्ही दोघींनी पाने धुतले, पाटावर मांडले, तिने कुंकू वाहिलं. मग मी तिच्या हातात हे मृत्युपत्र दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. तोंडाने सांगायचं धैर्य मला आजही झालं नाही, हे नोंदवून ठेवते.

एक एक करत कढईपर्यंत आले. मग ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"कुंकू मी पुसलं होतं," ती म्हणाली.

माझ्या हातातली कढई तशीच राहिली.

"डाव्या हाताने. ओढणीने. मामा संध्याकाळी सोनं द्यायला परत येणार होता, त्याला दिसलं असतं."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"नट हाताने बसवलेला असणार आणि पाना पूजेत गेला असणार. न कळायला काय झालं? तुझ्याजवळच शिकले ना मी." मग म्हणाली, "हात मोडला त्याचं काही वाटत नाही गं आता. तू सांगशील म्हणून थांबले होते. रविवारी दहाला तू सायकलपाशीच असतेस, म्हणून तेव्हा फोन करायचे. वाटायचं, आज सांगेल."

मी रडले. ती रडली नाही. माफ केलं असं तिने म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. बावीस वर्षं गंजलेला पेच तेलाच्या एका थेंबाने सुटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

ती ओट्यावर गेली. समोरच्या दाराने. ब्रेक दाबला, नट बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "दहाचा पाना दे."

"पूजेत आहे."

"माहीत आहे."

मी जागची हलले नाही. तीच आत गेली, झेंडू बाजूला केला आणि पाना घेऊन आली. नट घट्ट होता. तिने तो सोडवला, वायर सैल केली, पुन्हा ताण दिला आणि आपल्या हाताने आवळला. तिचा उजवा हात पूर्ण सरळ होत नाही, ते मी इतक्या जवळून आज पाहिलं. मग पाना माझ्याकडे देऊन ती खाली बसली, पेडलपाशी, तिच्या जागेवर.

"गिअर कुठे अडतो?"

"तिसऱ्यावर."

पेच फिरवायला पेचकस हवा होता आणि तोही पाटावर होता. बाबांचं नाव घेतलं आणि मीही जाऊन उचलला. तिने पेडल फिरवायला सुरुवात केली. मी डोळे मिटले. "बसली?" तिने विचारलं. चेन खरं तर लगेच बसली होती. मी म्हणाले, "नाही अजून."

सबब मृत्युपत्रात पुढील बदल करत आहे.

कलम पाच : निळी सायकल माझ्या मागे नव्हे, आजपासून शलाकाची. ती सायकल इथेच ठेवणार म्हणते, महिन्यातून एका रविवारी येईन म्हणते. येते का ते बघू. कलम पाच मोठ्याने वाचायचं ते आता मी स्वतःच वाचणार आहे, उद्या कैलास सोनं द्यायला आला की. पेडलही त्याला उद्याच देईन.

कलम तीन : सुषमाने नेम पाळावा. फक्त सगळे नट आवळून मग पाने पूजेत ठेवावेत, आणि एखादा राहिलाच तर पाना देवाकडून मागून घ्यावा. देव देतो.

बाकी मृत्युपत्र आहे तसं कायम. सायकलच्या पुढच्या ब्रेकच्या नटावर आज पुन्हा कुंकू लागलं आहे. ते कोणीही पुसू नये.

ठिकाण : हेंद्रेपाडा, बदलापूर, घराचा ओटा. दिनांक : १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी.
सही : विठा दौलतराव भोपी (कागदावरचा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड समजू नये)
साक्षीदार : १) अवधूत गजानन टेंबे (या वेळी मजकूर विचारून वाचला) २) सखू हरी म्हसकर